हिमाचलच्या हिवाळी प्रवासासाठी गाडीचे टायर : भांडुपच्या एका दुकानातील सेवेचे परीक्षण

मुंबईत हिवाळी टायर मिळतात का, हा प्रश्न घेऊन मी डिसेंबरच्या सुरुवातीला लालबहादूर शास्त्री मार्गावर, मुलुंडपासून कुर्ल्यापर्यंत, टायरच्या दुकानांत चौकशी केली. जानेवारीत घरची चार माणसे आमच्या ब्रेझाने मनालीला आणि रस्ता मोकळा असेल तर अटल बोगद्याच्या पलीकडे सिस्सूपर्यंत जाणार होतो. गाडी माझे पती आणि मी आलटून पालटून चालवतो. घाटरस्त्यांची आम्हा दोघांनाही सवय आहे, पण बर्फावर गाडी चालवण्याचा प्रसंग पूर्वी आलेला नव्हता. अखेर ज्या दुकानात टायर बदलून घेतले ते भांडुपमध्ये आहे. त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला जाहिरात करायची नाही; टायर बदलताना ग्राहकाला कोणती सेवा मिळायला हवी, हे त्या अनुभवाच्या आधारे नोंदवायचे आहे. या दुकानाने मला हिवाळी टायर विकले नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग तोच होता.

त्याआधी गेलेल्या एका वातानुकूलित दालनातला अनुभव सांगणे आवश्यक आहे. तेथील विक्रेत्याने दोन मिनिटांत एक टायर पुढे आणून ठेवला आणि त्याच्या कडेवर कोरलेली ‘एम+एस’ ही अक्षरे दाखवून सांगितले, “मॅडम, हे बर्फाचेच टायर आहेत, डोळे मिटून घ्या.” ही अक्षरे म्हणजे चिखल आणि बर्फ यांची इंग्रजी आद्याक्षरे होत. ती कोरण्यासाठी उत्पादकाला कोणतीही ठरावीक चाचणी द्यावी लागत नाही. नक्षीच्या खाचा पुरेशा रुंद आणि मोकळ्या असल्या की उत्पादक स्वतःच ती कोरतो. खऱ्या हिवाळी टायरची ओळख वेगळी आहे. त्याच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगराची बाह्यरेषा आणि तिच्या आत एक हिमकण असे चिन्ह असते. हे चिन्ह १९९९मध्ये अमेरिका आणि कॅनडातील टायर उद्योगाने आणले, आणि ठरवून दिलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत दाबलेल्या बर्फावरची पकड मोजल्याशिवाय ते लावता येत नाही. दालनातल्या त्या टायरवर असे चिन्ह नव्हते. ते कोठे आहे, असे विचारल्यावर विक्रेत्याने दरात सूट देऊ केली. चार माणसांचा जीव ज्या वस्तूवर टेकलेला असतो, तिच्याबद्दल इतके बेफिकीर बोलणे मला फार खटकले, आणि आजही खटकते.

भांडुपच्या दुकानात पहिला प्रश्न मी विचारला नाही, मालकांनी विचारला. साठीच्या पुढचे, शर्टाच्या खिशात टायरच्या खाचांची खोली मोजण्याची छोटी पट्टी बाळगणारे हे गृहस्थ. “गाडी नेमकी कुठे न्यायचीय? किती माणसं, सामान किती, आणि परत आल्यावर गाडी रोज कुठे फिरते?” एवढे विचारून घेतल्यावरच ते गाडीकडे वळले. त्यांनी स्टिअरिंग पूर्ण वळवायला सांगितले, पुढच्या चाकाशी गुडघा टेकून बसले आणि प्रत्येक टायरची खोली तीन ठिकाणी मोजली: आतल्या कडेला, मधोमध आणि बाहेरच्या कडेला. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कडा आणि मधला भाग साडेतीन मिलिमीटरच्या आसपास होता, आतली कडा मात्र जेमतेम दोन. उभ्या उभ्या पाहिले तर ही झीज दिसतच नाही. हात आत घालून त्यांनी मलाही बोट फिरवायला लावले, तेव्हा खाचांच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे जवळजवळ पृष्ठभागाला येऊन टेकल्याचे बोटाला कळले. हे उंचवटे १.६ मिलिमीटरवर असतात. आपल्याकडच्या मोटार वाहन नियमांनुसार तीच किमान मर्यादा आहे, आणि ती कोरड्या रस्त्याचा विचार करतानाही शेवटचीच मानली पाहिजे. पावसात किंवा बर्फात एवढ्यावर गाडी चालवणे धोक्याचे असते.

त्यानंतर त्यांनी टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा उत्पादन-संकेत वाचून दाखवला. पहिले दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. आमच्या टायरांवर २३१९ होते, म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात ते तयार झाले होते. रबर वापरले नाही तरी म्हातारे होते, कडक होते, आणि कडेला बारीक भेगा पडू लागतात. तशा भेगा स्टेपनीवरही होत्या, जरी ती जवळपास वापरलेली नव्हती. टायर बदलणे भाग आहे याबद्दल त्यामुळे शंका उरली नाही. प्रश्न होता तो कोणते घ्यायचे याचा.

मी हिवाळी टायरचा विषय काढल्यावर त्यांनी जे सांगितले, ते नंतर मी स्वतः वाचून पडताळून पाहिले आणि ते सर्व बरोबर निघाले. साध्या टायरचे रबर उष्ण रस्त्यावर टिकेल असे बनवलेले असते. तापमान सुमारे सात अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागले की ते ताठर होते, रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात शिरेनासे होते आणि पकड घटत जाते. म्हणजे बर्फ पडलेला नसतानाही, नुसत्या गोठवणाऱ्या कोरड्या रस्त्यावर, साधा टायर आपल्या नेहमीच्या क्षमतेने काम करत नाही. हिवाळी टायरच्या रबरात सिलिका आणि इतर घटकांचे प्रमाण असे ठेवलेले असते की ते उणे तापमानातही लवचीक राहते. त्याच्या नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात, आणि रुंद खाचांमध्ये दाबून बसलेला बर्फ खालच्या बर्फाला धरतो. बर्फाची बर्फावर पकड रबरापेक्षा चांगली असते, म्हणून खाचांत बर्फ साठणे येथे उपयोगाचे ठरते. टायर धुऊन स्वच्छ करत बसण्याची आपली सवय तेथे कामाची नाही.

पण हेच मऊ रबर उष्ण रस्त्यावर उलटते. चिरा पाडलेले ठोकळे गरम डांबरावर डुलतात, स्टिअरिंगला उशिरा प्रतिसाद मिळतो, कोरड्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढते आणि झीज झपाट्याने होते. आता आमच्या प्रवासाकडे पाहा. मुंबईहून गुजरात, राजस्थान, हरियाणा करीत मनालीपर्यंत जाण्याचे अंतर एका बाजूने १,९०० किलोमीटरच्या घरात जाते. त्यातला सुरत-वडोदऱ्याचा पट्टा जानेवारीतही दुपारी चांगलाच तापतो, आणि महामार्गावरचा वेग ताशी शंभरच्या आसपास असतो. प्रत्यक्ष बर्फाचा रस्ता असतो तो शेवटच्या काही किलोमीटरांचा. परत आल्यावर गाडी फिरणार ती मुलुंड ते अंधेरी. सांताक्रूझच्या वेधशाळेत नोंदलेले मुंबईचे आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश आहे, आणि तेही जानेवारी १९६२मधले. ज्या तापमानाच्या खाली हिवाळी टायर आपला गुण दाखवू लागतो, त्या तापमानाला हे शहर कधी पोहोचलेलेच नाही. मालकांचे म्हणणे थोडक्यात असे होते: “शेवटच्या वीस किलोमीटरसाठी तुम्ही चार हजार किलोमीटर चुकीच्या टायरवर गाडी चालवणार. धोका कमी नाही होणार ताई, फक्त जागा बदलेल.” हे वाक्य मी जसेच्या तसे लिहून ठेवले होते.

शिवाय हे टायर येथे सहज मिळतही नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या टायरवर आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे, आणि जून २०२०पासून नव्या टायरांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याच्या कक्षेत आणलेली आहे. त्यामुळे ज्या मापाला आणि ज्या प्रकाराला येथे मोठी मागणी नाही, ते आणण्याच्या खटपटीत कोणताही विक्रेता पडत नाही. आपल्या कंपन्यांना हे तंत्र अवगत नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अपोलोने २००९मध्ये नेदरलँड्समधील व्रेडेस्टाइन ही जुनी टायर कंपनी विकत घेतली, आणि तिचे विंट्रॅक मालिकेतील हिवाळी टायर युरोपात नावाजलेले आहेत. मुंबईत मुख्यालय असलेली सिएटही युरोपच्या बाजारासाठी हिवाळी टायर बनवते. हिमाचल, काश्मीर, लडाख आणि सिक्कीमच्या रहिवाशांसाठी हे टायर देशातच नेहमीच्या मापांत उपलब्ध व्हायला हवेत, असे मला मनापासून वाटते. सिमल्याला वर्षभर राहणाऱ्या माणसाची गरज आणि मुंबईहून आठ दिवसांसाठी जाणाऱ्या पर्यटकाची गरज यांत मोठे अंतर आहे.

म्युनिकला राहणाऱ्या माझ्या भाच्याला मी हे सगळे कळवले, तेव्हा त्यानेही मालकांच्या बाजूनेच कौल दिला. त्याच्याकडे टायरांचे दोन संच आहेत, दोन्ही वेगवेगळ्या रिमवर बसवलेले. ऑक्टोबरात गॅरेजची वेळ घेऊन तो हिवाळी संच चढवतो आणि ईस्टरनंतर उतरवतो. उतरवलेला संच गॅरेजच सहा महिने सांभाळून ठेवते. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, हिम किंवा गोठलेला ओलावा असताना हिवाळी टायरशिवाय गाडी चालवली, तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दोषगुण नोंदला जातो. पूर्वी नुसत्या ‘एम+एस’ अक्षरांवर भागत असे, पण १ ऑक्टोबर २०२४पासून तेथे डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलाच टायर ग्राह्य धरला जातो. मुंबईच्या दालनात मला जे ‘बर्फाचे टायर’ म्हणून दाखवले गेले, ते ज्या देशात बर्फ पडतो त्या देशाच्या कायद्याने नाकारलेले आहेत. शेजारच्या ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर लावण्याचा नियम आहे आणि तेथे हिवाळी टायरची खोली चार मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळी टायर म्हणून धरलाच जात नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर सरसकट बंधनकारक आहेत, रस्ता कोरडा असो वा नसो. भाच्याने आणखी एक गोष्ट आवर्जून सांगितली. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढच्या दोन चाकांना हिवाळी टायर लावणारी माणसे भेटतात. अशा गाडीचा पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा घसरून बाहेर जातो, उतारावरच्या वळणावर तर गाडी गिरकीच घेते. लावायचे तर चारही.

आम्ही घेतले ते साधे, पण ओल्या रस्त्यावर चांगल्या पकडीसाठी ओळखले जाणारे टूरिंग टायर, माप कंपनीने दिलेलेच, २१५/६० आर १६. भारांक आणि वेगांक ९५एच होता, म्हणजे प्रत्येक टायरला ६९० किलोपर्यंत भार आणि ताशी २१० किलोमीटरपर्यंत वेग. मालकांनी गोदामातून आणलेल्या प्रत्येक टायरचा उत्पादन-संकेत बसवण्यापूर्वी मला दाखवला. चारही ३८२५चे, म्हणजे सप्टेंबर २०२५मधले. हे मी न सांगता त्यांनी केले, याचे मला विशेष वाटले, कारण एरवी दोन-दोन वर्षे गोदामात पडून राहिलेला माल नवा म्हणून गळ्यात मारल्याच्या तक्रारी कानावर येतात.

बसवण्याचे काम मी शेवटपर्यंत उभी राहून पाहिले. चाक काढल्यावर जुना टायर मशिनवर रिमपासून सुटा केला गेला, आणि मग कारागिराने जे केले ते मी इतर दुकानांत क्वचितच पाहिलेले आहे: त्याने रिमची आतली कड, जेथे टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी कडा, टेकते ती, तारेच्या ब्रशने पूर्ण घासून काढली. आमची गाडी इमारतीच्या उघड्या आवारात उभी असते आणि पावसाळ्यात त्या कडेवर पांढरट गंज साठतो; टायर नवा असूनही हवा हळूहळू उतरत राहण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. जुने रबरी व्हॉल्व्ह कापून नवे बसवले. बीडला साबणाची पेस्ट लावली, टायर चढवला, हवा भरताना दोन्ही कडा एकामागून एक ठक् ठक् आवाज करीत जागेवर बसल्या. प्रत्येक चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवून वजने लावली आणि वजने लावल्यावर पुन्हा फिरवून काटा शून्यावर आला की नाही ते पाहिले. एका चाकाला ते जमेना, तेव्हा टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवला. नट आधी हाताने, मग एकाआड एक क्रमाने पान्याने आणि शेवटी टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या मापापर्यंत आवळले. हवेच्या बंदुकीने धडाधड आवळलेले नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर साध्या पान्याने सुटत नाहीत. मनालीच्या वाटेवर रात्री ही वेळ आली असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

आतल्या कडेच्या झिजेचे कारण अलाइनमेंटमध्ये सापडले. पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाकांची तोंडे आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बाहेरच्या बाजूला गेलेला होता. दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद त्यांनी बिलाला जोडून दिला. हा कागद मागून घ्यावा, असे मी प्रत्येकाला सुचवीन. पुष्कळ ठिकाणी अलाइनमेंटचे पैसे घेतात आणि गाडी मशिनवर नुसती उभी करून उतरवतात.

स्टेपनीचा निर्णय त्यांनी आमच्यावर सोडला, पण जुन्या चारांपैकी सर्वांत कमी झिजलेला टायर तिथे बसवू देण्यास ते राजी झाले नाहीत. कारण सरळ होते: तोही २०१९चाच. आम्ही पाचवा नवा टायर घेतला.

बर्फासाठी त्यांनी दिलेला सल्ला तीन गोष्टींचा होता, आणि मला तो संपूर्ण सेवेइतकाच मोलाचा वाटतो. पहिली म्हणजे बर्फात पकड मिळण्यासाठी चाकांवर चढवायच्या, टायरच्या नेमक्या मापाच्या साखळ्या बरोबर ठेवाव्यात. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाते, म्हणून साखळ्याही पुढच्या चाकांनाच लागतात. दुकानात त्या विक्रीला नव्हत्या, पण आम्ही बाहेरून मागवून आणल्यावर त्यांनी गाडी रिकाम्या जागेत उभी करून आमच्या दोघांकडून त्या चढवून आणि उतरवून घेतल्या. साखळीची आतली बाजू ब्रेकच्या नळीला किंवा सस्पेन्शनला घासत नाही ना, हे टॉर्चने तपासून दिले. भांडुपच्या उन्हात घाम पुसत साखळ्या चढवणे शेजारच्यांना विचित्र वाटले असेल, पण उणे तापमानात, हातमोजे घालून, कडेला गाड्या रांगेने उभ्या असताना हेच काम पहिल्यांदा करणे किती अवघड जाते, ते तेथे इतरांची धडपड पाहून कळले. दुसरी गोष्ट, साखळी लावल्यावर वेग ताशी तीस किलोमीटरच्या आत ठेवावा आणि बर्फ संपला की ती लगेच उतरवावी, कारण कोरड्या रस्त्यावर ती तुटते आणि चाकाच्या पोकळीत फटके मारते. तिसरी, बर्फ ताजा पडत असेल त्या दिवशी आपली गाडी हॉटेलातच ठेवून स्थानिक चालकाची, चारही चाकांना ओढ असलेली गाडी करावी. टायर विकणाऱ्या माणसाने आपल्याच टायरची मर्यादा इतक्या स्पष्टपणे सांगावी, हे दुर्मीळ आहे.

हवेच्या दाबाबद्दल त्यांचे एक वाक्य सुरुवातीला मला पटले नव्हते: “मनालीत काटा जेवढा पडेल असं वाटतं, तेवढा पडणार नाही.” थंडीने टायरमधली हवा आकसते, हे सर्वांना माहीत असते. मुंबईत ३० अंशांवर ३३ पीएसआय भरलेला टायर समुद्रसपाटीलाच उणे पाच अंशांत नेला, तर काटा २७ ते २८च्या दरम्यान येईल. पण मनाली दोन हजार मीटरहून उंचावर आहे. तेथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो, आणि आपला मीटर आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक दाखवतो. त्यामुळे थंडीने पडलेल्या काट्याचा काही भाग उंची भरून काढते. मनालीत पहाटे, गाडी हलवण्यापूर्वी, मोजल्यावर काटा तिशीच्या थोडा वर होता. आम्ही तेथे दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरली आणि परतताना मैदानात उतरल्यावर पुन्हा तपासली.

प्रत्यक्ष रस्त्यावर टायरांनी काय केले, ते लिहिल्याशिवाय परीक्षण पुरे होणार नाही. महामार्गावर गाडी पूर्वीपेक्षा शांत आणि सरळ चालते. स्टिअरिंग डावीकडे ओढण्याची जुनी खोड अलाइनमेंटने गेली. राजस्थानात पहाटेच्या दाट धुक्यात, ओलसर रस्त्यावर, पुढचा ट्रक अचानक थांबल्यावर ब्रेक दाबले, तेव्हा गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबली. कुलूच्या पुढे सकाळच्या थंडीत पहिले काही किलोमीटर टायर लाकडी वाटत होते आणि मग थोडे सैलावत होते. मनालीत पोहोचल्यावर बर्फ पडला. त्या दिवशी पोलिसांनी सोलंगच्या पुढे फक्त चारही चाकांनी ओढणाऱ्या आणि साखळ्या लावलेल्या गाड्या सोडल्या. आम्ही सल्ल्याप्रमाणे स्थानिक गाडी केली आणि ९.०२ किलोमीटरचा बोगदा ओलांडून सिस्सू पाहून आलो. आपल्या गाडीने गेलो ते आकाश निवळून रस्ता मोकळा केल्यावर, सोलंगपर्यंतच.

त्या वाटेवर एका सावलीतल्या वळणानंतर, जवळजवळ सपाट जागी, बर्फ दाबला जाऊन चकचकीत झालेला होता. साखळ्या लावण्यासाठी गाडी थांबवताना चालण्याच्या वेगात ब्रेक दाबला, तर पायाखाली एबीएसची, म्हणजे चाके जॅम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची, धडधड जाणवली आणि गाडी तरीही आपल्या लांबीइतकी सरकत गेली. टायर कोरा होता, खोली पूर्ण आठ मिलिमीटर होती, माप योग्य होते, तरीही. साखळ्या चढवल्यावर त्याच बर्फावरून गाडी पहिल्या गिअरमध्ये ठामपणे उतरली. शून्याच्या आसपासचे बर्फ सर्वांत निसरडे असते, कारण त्यावर पाण्याचा पातळ थर असतो. दुपारी वितळून संध्याकाळी गोठणाऱ्या पट्ट्यांवर तेथले जुने चालकही फार जपून जातात. चारही चाकांना ओढ असलेली गाडी निघायला मदत करते, थांबवायला नाही, हे तेथल्या आमच्या चालकानेही सांगितले.

आता खर्चाविषयी. पाच टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून बिल ४५ हजार रुपयांच्या थोडे पुढे गेले. टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, आणि तो बिलात वेगळा, स्पष्ट दाखवलेला होता. ऑनलाइन हेच टायर थोडे स्वस्त दिसत होते, पण त्यात बसवण्याचे काम कोण आणि कसे करणार याची खात्री नव्हती. जुन्या टायरांचे किरकोळ पैसे वजा करून मिळाले. हवेऐवजी नायट्रोजन भरण्याचा आग्रह कोणी धरला नाही; विचारल्यावर मालकांनी साधी हवा नियमित तपासणे पुरेसे असल्याचे सांगितले.

तक्रारीच्याही गोष्टी आहेत. दुकानासमोर गाडी उभी करायला जागा नाही, आणि आपला क्रमांक येईपर्यंत बेस्टच्या बसला अडथळा होणार नाही अशा बेताने ती सारखी पुढे-मागे करावी लागते. बसायला दोनच खुर्च्या आहेत, त्याही कॉम्प्रेसरच्या शेजारी. ज्येष्ठ नागरिकांना किंवा लहान मुले बरोबर असलेल्यांना तेथे तीन तास काढणे कठीण जाईल. दिलेल्या वेळेपेक्षा काम सुरू व्हायला दीड तास उशीर झाला आणि तो आधी कळवला गेला नाही. सर्वांत मोठी उणीव अशी की येथला बहुतेक सल्ला एकट्या मालकांच्या तोंडून मिळतो. ते नसताना मी साखळ्यांसाठी गेले, तर काउंटरवरच्या तरुणाला त्यातले काही सांगता आले नाही आणि पुन्हा यावे लागले. बर्फाच्या प्रदेशात जाणारे ग्राहक वाढत आहेत, हे पाहता दुकानाने मापानुसार साखळ्या स्वतःच ठेवाव्यात, निदान भाड्याने द्याव्यात, असे मी त्यांना लेखी सुचवले आहे.

ज्यांची गाडी वर्षातले तीन-चार महिने खरोखर गोठलेल्या रस्त्यांवर असते, मग ते मनालीत हॉटेल चालवणारे असोत किंवा बदली होऊन लेहला गेलेले असोत, त्यांनी मात्र साखळ्यांवर न थांबता चिन्हांकित हिवाळी टायरांचा पूर्ण संच, शक्य तर वेगळ्या रिमवर, घ्यावा. तो उतरवल्यावर उन्हापासून आणि विजेच्या मोटरपासून दूर, कोरड्या अंधाऱ्या जागी ठेवावा; रिमवर असेल तर एकावर एक रचून, रिमविना असेल तर उभा. मुंबईहून सुटीपुरते जाणाऱ्यांसाठी चांगल्या खोलीचे, ताज्या उत्पादनाचे साधे टायर, मापाच्या साखळ्या आणि बर्फाच्या दिवशी स्थानिक चालक, हीच जोडणी मी सुचवीन. आमच्या गाडीची दहा हजार किलोमीटरनंतरची टायरांची पुढची-मागची अदलाबदल या दुकानाने विनामूल्य देऊ केली आहे आणि तशी नोंद बिलावर करून दिली आहे. जाणाऱ्यांनी सकाळी दुकान उघडताना जावे, मालक असल्याची फोनवर खात्री करून घ्यावी आणि गाडीची पुस्तिका बरोबर न्यावी.